प्रश्न तुमचे: गाठ दाखवणारे नॅनोकण, एकाच वेळी दोन-तीन मशीनवर

मागच्या अंकात पेट स्कॅन आणि एमआरआय यांच्यातल्या फरकाबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी एका ओळीत नॅनोपार्टिकलचा उल्लेख केला होता, म्हणजे असा बारीक कण जो शरीरात सोडला की दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या स्कॅनमध्ये दिसतो. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. काही विद्यार्थ्यांचे आहेत, पण बरेचसे अशांचे आहेत ज्यांच्या घरात कोणाची तरी कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: माझ्या मिसेसची आधी सोनोग्राफी झाली, मग सीटी, मग एमआरआय, आणि आता डॉक्टर पेट-सीटी सांगतायत. दर वेळी नवीन सुई, नवीन डाय. एकाच स्कॅनमध्ये सगळं का दिसत नाही? आणि हा कण आला तर बाकीचे स्कॅन वाचतील का?

उत्तर: तुमचा वैताग समजतो, आणि सुया टोचून घेणाऱ्या माणसाचे हाल तर वेगळेच. पण हे स्कॅन एकमेकांची कॉपी नसतात. सीटी म्हणजे एक्स-रेच, सगळ्या बाजूंनी काढून कॉम्प्युटरने जोडलेला, त्यात हाडं आणि फुप्फुसं छान दिसतात पण मऊ अवयवांमधला फरक कमी कळतो. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून सिग्नल घेतं, रेडिएशन नाही, मिलिमीटरभराचे बारकावे दाखवतं, पण त्यात बाहेरून दिलेलं एखादं मार्कर दिसायचं असेल तर ते त्या जागी बऱ्यापैकी साठावं लागतं. पेटचं नेमकं उलट, ते शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी मार्करला बघतं. तिथे अगदी नावापुरतं, पिकोमोलर म्हणतात तेवढ्या कमी प्रमाणातलं मार्करसुद्धा सापडतं, पण चित्र धूसर असतं, साधारण ४ ते ५ मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही. अंधारात लांबवर एक दिवा लागला तर तो लगेच नजरेत भरतो, पण तो नेमका कुठल्या खिडकीत आहे हे सांगता येत नाही, तसं. म्हणूनच २००१ च्या सुमाराला पेट आणि सीटी एकाच मशीनमध्ये बसवलेले स्कॅनर बाजारात आले, एकाने दिवा दाखवायचा आणि दुसऱ्याने खिडकी.

तिसरा प्रकार म्हणजे प्रकाश. चमकणारा रंग शरीरात सोडायचा आणि कॅमेऱ्याने बघायचं. हे स्वस्त, लगेच दिसणारं, सर्जनला हात चालू असताना बघता येणारं, पण प्रकाश मांसातून फार खोल जात नाही, डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड घेतला तरी सेंटिमीटरभराच्या पुढे चित्र विरघळायला लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळे स्कॅन वाचतील का, तर नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. या कणांचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. ऑपरेशनच्या आधी स्कॅनमध्ये जे दिसलं तेच, अगदी तेच, ऑपरेशन टेबलवर सर्जनला परत दिसलं पाहिजे. आज तसं होत नाही. पेटमध्ये दिसलेला ठिपका सर्जनला उघड्या पोटात स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी शोधावा लागतो, स्क्रीनवरचं चित्र एकीकडे आणि समोरचं शरीर दुसरीकडे. मार्कर एकच असेल, स्कॅनरलाही दिसणारं आणि ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) कॅमेऱ्यालाही दिसणारं, तर ही मधली दरी मिटते. मला या सगळ्या विषयात हीच एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि खालच्या उत्तरांमध्ये ती पुन्हा येईल.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे. असा कण आतून कसा असतो हे कुठेच नीट सापडत नाही, सगळीकडे फक्त रंगीत गोळ्यांची चित्रं असतात. प्लीज एखादं खरं उदाहरण घेऊन सांगा.

उत्तर: घेऊया. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संजीव गंभीर यांच्या टीमने मेंदूच्या ट्यूमरसाठी एक कण छापून आणला होता, त्यात तीन तंत्रं एकत्र होती, एमआरआय, फोटोअकूस्टिक आणि रामन. मधोमध सोन्याचा गोळा, साधारण ६० नॅनोमीटरचा. (अंदाज यावा म्हणून, रक्तातली एक तांबडी पेशी ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते.) त्या सोन्यावर एका खास रेणूचा पातळ थर. त्याच्यावर सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचं, ३० नॅनोमीटर जाडीचं कवच. आणि कवचाच्या बाहेर गॅडोलिनियम नावाचा धातू अडकवलेला.

आता प्रत्येक थर कशासाठी ते बघ. गॅडोलिनियम आजूबाजूच्या पाण्याचा एमआरआय सिग्नल बदलतं, नेहमीच्या डायमध्येही तेच असतं, म्हणून कवटी न उघडता गाठ कुठे आहे आणि केवढी आहे ते एमआरआयवर कळतं. सोनं लेझरचा प्रकाश शोषतं, क्षणभर किंचित तापतं, फुगतं, आणि त्या फुगण्यातून आवाजाची लहर निघते जी सोनोग्राफीसारख्या प्रोबने पकडता येते, हे झालं फोटोअकूस्टिक. प्रकाश आत गेला पण बाहेर आवाज आला, आणि आवाज मांसातून प्रकाशापेक्षा कितीतरी कमी विखुरतो, म्हणून खोली जास्त मिळते. तिसरा तो मधला रेणूंचा थर. त्याच्यावर लेझर मारला की परत येणाऱ्या प्रकाशातल्या थोड्याशा भागाची वेव्हलेंथ ठराविक पद्धतीने सरकलेली असते, आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. एरवी हा सिग्नल इतका क्षीण असतो की काही उपयोगाचा नाही, पण रेणू सोन्याच्या पृष्ठभागाला चिकटून असला की तो प्रचंड वाढतो. आणि तो ठसा शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीचा नसतो, त्यामुळे तो दिसला म्हणजे कण तिथे आहेच, शंका उरत नाही.

मेंदूच्या ट्यूमरमध्ये हे का हवं, तर दोन अडचणी आहेत. एक, कवटी उघडली आणि भोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू जागेवर राहत नाही, खाली बसतो, काही वेळा सेंटिमीटरपर्यंत सरकतो, मग आदल्या दिवशी काढलेला एमआरआय नकाशा म्हणून चुकायला लागतो. दोन, नेहमीचं गॅडोलिनियम थोड्या वेळात धुऊन जातं, ऑपरेशनपर्यंत गाठीत टिकतच नाही. हे कण मात्र गाठीत जाऊन बसतात आणि निघत नाहीत, म्हणजे एकाच इंजेक्शनवर आधीचा स्कॅन आणि नंतरचं ऑपरेशन दोन्ही होतं. त्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूतली गाठ टप्प्याटप्प्याने काढली, दर टप्प्याला रामनने बघितलं, आणि डोळ्यांना जागा साफ वाटत असतानाही कडेला बारीक बारीक ठिपके उरलेले सापडले, ते तपासले तर खरंच ट्यूमरच्या पेशी होत्या. ग्लायोब्लास्टोमासारखी (मेंदूतला एक आक्रमक कॅन्सर) गाठ बोटं पसरावीत तशी आजूबाजूला शिरलेली असते, आणि मेंदूत जरा मोकळ्या हाताने जास्त कापूया असं म्हणता येत नाही, कारण त्या जास्तीच्या भागात माणसाचं बोलणं असू शकतं, हाताची हालचाल असू शकते.

पण हे उंदरांमधलं काम आहे हे लक्षात ठेव. आणि आपल्या डोळ्यांना ते कवच, तो थर असं काही वेगळं दिसत नाही हां, ती रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच दिसते, बाटलीत ते नुसतं रंगीत पाणी.

प्रश्न: कणाला कसं कळतं की गाठ इथे आहे? रक्तातून तर तो सगळीकडे जाणार ना?

उत्तर: सगळीकडे जातोच. त्याला काही कळत नाही. १९८६ मध्ये जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठातल्या यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतीत फटी असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथून बाहेर गळतात, आणि गाठीत लसिका (लिम्फ, म्हणजे पेशींच्या मधलं पाणी) वाहून नेणारी व्यवस्था नीट नसल्यामुळे गळलेलं तिथेच साचून राहतं. पुढची अनेक वर्षं जवळपास सगळं नॅनोपार्टिकलचं काम या एका कल्पनेवर उभं होतं. उंदरांमध्ये ती छान चालते, कारण उंदीर २० ग्रॅमचा आणि त्याची गाठ कधी कधी अर्धा-एक ग्रॅमची, झपाट्याने वाढलेली. माणसात गाठ हळू वाढते, एकाची गळकी तर दुसऱ्याची घट्ट, एकाच माणसाच्या दोन गाठींतही फरक.

२०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब काढला, तर टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे मधल्या अंदाजाने फक्त ०.७ टक्के होते. या आकड्यावर बरीच वादावादी झाली, मोजायची पद्धत बदलली तर आकडा वर जातो वगैरे, पण शंभरातले बहुतेक कण दुसरीकडेच जातात हे कोणी नाकारलं नाही. मग २०२० मध्ये त्याच गटाने आणखी एक धक्का दिला, की गाठीत जे कण शिरतात त्यातले ९७ टक्क्यांपर्यंत फटींमधून जातच नाहीत, रक्तवाहिनीच्या पेशी स्वतःहून त्यांना आत घेऊन पलीकडे सोडतात. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं शिकवलेली गोष्ट पुन्हा तपासायला लागली. हा विज्ञानाचा पराभव वगैरे नाही, उलट कोणीतरी बसून नीट मोजलं याचं मला फार बरं वाटतं.

यावर उपाय दोन प्रकारचे चालू आहेत. एक, कणाला असा तुकडा चिकटवायचा जो ट्यूमरच्या पेशींवरच्या किंवा तिथल्या नवीन रक्तवाहिन्यांवरच्या एखाद्या प्रोटीनला पकडतो. याने कण जास्त संख्येने पोचतात असं नेहमी होत नाही, पण पोचलेले तिथे टिकतात. दुसरा उपाय मला जास्त पटतो, कण सगळीकडे जाऊ दे पण पेटू दे फक्त गाठीत. गाठीच्या आसपासचा भाग किंचित आम्लधर्मी असतो, तर अशा आम्लात आले की सुटून जाणारे कण बनवले आहेत ज्यांच्यात इंडोसायनिन ग्रीन नावाचा चमकणारा रंग कोंबलेला असतो. कोंबलेला असेपर्यंत रंग चमकत नाही, कण सुटला की चमकतो. पेगसिटासायनिन नावाने हे माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलंय.

प्रश्न: उरलेले ९९ टक्के कुठे जातात मग? सोनं, गॅडोलिनियम, हे सगळं शरीरात राहिलं तर त्रास नाही का होणार?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि तो विचारलाच पाहिजे.

कण रक्तात गेल्या गेल्या त्याच्यावर रक्तातली प्रोटीन्स येऊन चिकटतात, मग शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला परका म्हणून ओळखतात आणि गिळतात. या पेशी सगळ्यात जास्त लिव्हर आणि प्लीहेत. म्हणून बहुतेक कण तिथे जाऊन बसतात. ते चिकटणं कमी व्हावं म्हणून कणाभोवती पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण देतात, ज्याला लॅबमध्ये सगळे नुसतं पेग म्हणतात, त्याने कण जास्त वेळ रक्तात फिरतो, पण कायमचा सुटत नाही.

बाहेर पडायचा चांगला रस्ता म्हणजे किडनी, आणि किडनीची गाळणी साधारण ५.५ नॅनोमीटरपर्यंतच्या कडक गोल कणांना लवकर जाऊ देते, हे २००७ मध्ये वेगवेगळ्या आकाराचे कण उंदरांना देऊन मोजलेलं आहे. त्याहून मोठे असले की लघवीतून जाणं मंदावतं आणि मग अडतं. वरचा तो ६० नॅनोमीटरचा सोन्याचा गोळा, त्याच्यावर कवच, तो या गाळणीतून जाणं शक्यच नाही. सोनं तसं निष्क्रिय आहे, पण निष्क्रिय वस्तूसुद्धा वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये पडून राहावी का हा प्रश्न उरतोच, खासकरून जर ती फक्त तपासणीसाठी दिली असेल. औषधाच्या बाबतीत आपण थोडी जोखीम घेतो कारण ते जीव वाचवणार असतं. तपासणीच्या इंजेक्शनला तेवढी सूट देता येत नाही, आणि द्यायलाही नको.

क्वांटम डॉट्सचं नाव काही जणांनी घेतलं, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यावर मिळालं ते. चमक अप्रतिम, रंग आकारावर ठरतो, पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत कॅडमियम असतं आणि कॅडमियम विषारी, त्यामुळे प्रयोगशाळेत आणि उंदरात ठीक, माणसाच्या नसेत नको. गॅडोलिनियम सुटं झालं तर तेही विषारीच असतं, म्हणून ते नेहमी घट्ट पकडून दिलेलं असतं. २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी फारच कमजोर असलेल्या काही पेशंटना गॅडोलिनियमच्या काही जुन्या डायमुळे कातडी आणि आतले भाग कडक होण्याचा गंभीर आजार झाला, आणि तेव्हापासून किडनीचा रिपोर्ट बघून कुठला डाय द्यायचा ते ठरवतात. नॅनोपार्टिकल जर महिनोन्महिने शरीरात बसून गॅडोलिनियम हळूहळू सोडणार असेल तर हीच भीती परत येते.

लोहाचं त्या मानाने बरं. आयर्न ऑक्साइडचे कण लिव्हरमध्ये फोडले जातात आणि लोह शरीराच्या नेहमीच्या साठ्यात जमा होतं, रक्तासाठी वापरलंही जातं. तरी तेही अगदी निर्धोक नाही, फेरुमॉक्सिटॉल नावाचं लोहाच्या नॅनोकणांचं इंजेक्शन आहे, त्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्ये जीवघेण्या ॲलर्जीचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण क्वचित का होईना तसं झालं होतं.

प्रश्न: पेट, सीटी, एमआरआय, फ्लोरोसन्स (म्हणजे चमकणारा रंग), फोटोअकूस्टिक असं पाच-इन-वन नॅनोपार्टिकल बनवल्याचं वाचलं. हेच भविष्य का?

उत्तर: मला तरी वाटत नाही. पाच सिग्नल घातले म्हणजे डॉक्टरला पाचपट कळतं असं नाही. पहिली अडचण प्रमाणाची. पेटला लागतात ते इवलेसे कण, एमआरआय आणि सीटीला त्याच्या कित्येक हजार पट जास्त. सगळे एकाच कणावर बसवले तर डोस सगळ्यात हावरट तंत्राच्या हिशोबाने द्यावा लागतो, म्हणजे ज्याला चिमूटभर पुरलं असतं त्याच्यासाठीही शरीरात ढीग टाकायचा.

दुसरी अडचण वेळेची. कण गाठीत साठायला बरेचदा एक दिवस घेतो. पेटला नेहमी वापरतात त्या फ्लोरिन-१८ ची किरणं ११० मिनिटांत निम्मी होतात, दुसऱ्या दिवशी बघायला काही शिल्लकच नाही. म्हणून या कणांवर झिर्कोनियम-८९ लावतात, त्याला निम्मं व्हायला ७८ तास लागतात, किंवा आयोडीन-१२४, त्याला चार दिवसांच्या वर. मग पेशंटच्या अंगात रेडिएशनही तेवढे दिवस.

तिसरी अडचण लोकांना सहसा माहीत नसते आणि माझ्या मते तीच सगळ्यात गंभीर आहे. पेट कणाला बघत नाही, कणावर चिकटवलेल्या किरणोत्सारी अणूला बघतं. तो अणू सुटून गेला तर? सुटं आयोडीन थायरॉइडमध्ये जातं, सुटं झिर्कोनियम हाडात. आता स्कॅनमध्ये हाड चमकतंय, आणि डॉक्टरने समजायचं काय, कॅन्सर हाडात पसरला की लेबल गळून पडलं? एमआरआय कण दाखवतोय एका जागी आणि पेट दाखवतोय दुसऱ्या जागी. जितकी लेबलं जास्त तितक्या सुटायच्या जागा जास्त, आणि कारखान्यात प्रत्येक बॅच सारखी बनवणं तितकंच अवघड. दोन सिग्नल, एक बाहेरून शोधायला आणि एक ऑपरेशनमध्ये बघायला, आणि दोन्हीचं काम आधी ठरलेलं, एवढं पुरतं.

प्रश्न: वडिलांच्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. असं काही आत्ता माणसांसाठी आहे का? की थांबू?

उत्तर: थांबू नका. हे आधी लिहिते. ऑपरेशन ठरलंय ते ठरल्या वेळी होऊ द्या, यातल्या कशासाठीही तारीख पुढे ढकलण्यासारखं नाही.

आता माणसांपर्यंत काय पोचलंय ते सांगते. कॉर्नेल विद्यापीठात उलरिख वीसनर यांच्या लॅबमध्ये बनलेले कॉर्नेल डॉट्स, सिलिकाचे, ६ ते ७ नॅनोमीटरचे, आत चमकणारा रंग, बाहेर पेग आणि गाठीला चिकटणारा तुकडा आणि आयोडीन-१२४. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेलॅनोमा (कातडीचा एक कॅन्सर) पसरलेल्या पाच पेशंटना ते दिले, २०१४ मध्ये छापून आलं, कण किडनीवाटे बाहेर पडले, कोणाला त्रास झाला नाही. पुढे त्याच प्रकारच्या कणांनी डोकं आणि मानेच्या मेलॅनोमात लिम्फ नोड, म्हणजे लसिका गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी, शोधायचं कामही केलं. फ्रान्समध्ये अगदी बारीक गॅडोलिनियमचे कण, एजीयूआयएक्स नावाचे, मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या १५ पेशंटना देऊन २०२० मध्ये निष्कर्ष दिले, ते एमआरआयमध्ये दिसतात आणि रेडिएशनचा मारा त्या जागी वाढावा अशीही त्यांच्याकडून अपेक्षा आहे. यातलं काहीच नेहमीच्या हॉस्पिटलमध्ये सहज मागून मिळेल असं नाही.

सगळ्यात जास्त प्रत्यक्ष वापरात आलेली गोष्ट मात्र साधी आहे, आणि ती लिम्फ नोडची. गाठीतून कॅन्सर पसरायचा तर बहुतेक वेळा आधी जवळच्या एका-दोन नोडमध्ये जातो, त्यांना सेंटिनल नोड म्हणतात, ते काढून तपासले की बाकीचे सगळे काढायचे की नाही ते ठरतं. हे नोड शोधायला कित्येक वर्षं टेक्निशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावलेले कोलॉइडचे नॅनोकण वापरतात. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी त्याच कणांवर इंडोसायनिन ग्रीन हा रंगही बसवला. गाठीच्या बाजूला टोचायचं, कण लसिकेतून वाहत नोडमध्ये जाऊन अडकतात, आधी स्कॅनमध्ये नोड कुठे आहे ते दिसतं, मग ओटीत सर्जन किरणं पकडणारा गॅमा प्रोब फिरवतो, आवाज वाढला की जवळ आलो, आणि कातडी उघडल्यावर इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तोच नोड चमकताना दिसतो. नुसता रंग टोचला तर तो न थांबता पुढच्या नोडमध्ये पळतो, कणाला बांधला की पहिल्यातच राहतो. दोनच सिग्नल, सहा तासांत निम्मं होणारं टेक्निशियम, आणि कण प्रोटीनचे. कुठलीही भव्य गोष्ट नाही, पण पेशंटच्या उपयोगाला आली.

तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, की यांच्या ऑपरेशनमध्ये सेंटिनल नोड तपासायचा आहे का आणि तो कसा शोधणार. सगळ्या कॅन्सरमध्ये ती गरज नसते, पण असली तर रंग, किरणोत्सारी कोलॉइड, चुंबकीय कण असे पर्याय असतात आणि त्यांच्याकडे काय आहे ते ते सांगतील.

प्रश्न: लोहाचे कण शरीरात असताना एमआरआयमध्ये गेलो तर चुंबक ते ओढून बाहेर काढणार नाही का?

उत्तर: नाही, घाबरू नका. कण इतके बारीक असतात की त्यांच्यावर येणारं बल पेशीतून त्यांना उपटण्याइतकं नसतं, आणि मशीनच्या बाहेर आलात की त्यांचं चुंबकत्व जवळपास शून्यावर येतं, ते एकमेकांना चिकटून गुठळीही करत नाहीत. ते फक्त आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल बिघडवतात, त्यामुळे ती जागा काळी दिसते.

आणि या काळेपणाचाच फार सुंदर उपयोग झालेला आहे. २००३ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या ८० पेशंटवर केलेलं काम आहे. लोहाचे कण नसेतून दिले आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय केला. निरोगी लिम्फ नोडमधल्या सफाई पेशी कण गिळतात, म्हणून तो नोड काळा पडतो. कॅन्सरने व्यापलेल्या नोडमध्ये त्या पेशींना जागाच उरलेली नसते, कण येत नाहीत, तो पांढराच राहतो. इथे कण कॅन्सरपर्यंत पोचतच नाही, चांगल्या भागात पोचतो, आणि तरी कॅन्सर सापडतो. साध्या एमआरआयमध्ये कॅन्सर असलेले ३५.४ टक्के नोड ओळखू आले होते, कण दिल्यावर ९०.५ टक्के, कारण साधा एमआरआय नोडचा आकार बघतो आणि लहान नोडमध्येही कॅन्सर असू शकतो. इतकं असूनही ते औषध तेव्हा बाजारात टिकलं नाही, पण नेदरलँड्समध्ये नायमेखेनच्या राडबाउड हॉस्पिटलने त्याचं काम सोडलं नाही.

एक कामाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रक्त वाढवायला फेरुमॉक्सिटॉल घेतलं असेल तर त्यातले कण पुढे तीन महिन्यांपर्यंत एमआरआयचं चित्र बदलू शकतात, आणि छातीच्या गाठीच्या वेळी सेंटिनल नोड शोधायला चुंबकीय कण टोचले असतील तर त्या जागेचा काळा डाग त्याहूनही जास्त काळ दिसत राहू शकतो. म्हणून एमआरआयला जाताना अशा इंजेक्शनचं नाव आणि तारीख टेक्निशियनला आधी सांगा, फॉर्ममध्ये तो रकाना नसला तरी.